गोदावरीतले निम्मे खांब कुठे गेले?

त्र्यंबकेश्वरजवळ सहज ओलांडता येणारी गोदावरी आंध्रात राजमहेंद्रीला पोचते, तेव्हा तिच्यावर पावणेतीन किलोमीटरचा पूल लागतो. तिथला पहिला रेल्वेपूल 1900 साली सुरू झाला आणि मद्रास-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. मद्रासच्या गव्हर्नरवरून त्याला हॅवलॉक पूल म्हणतात. दगडी खांब, त्यांवर पोलादी गर्डर, दीडशे फुटांचे म्हणजे सुमारे 46 मीटरचे तब्बल 56 गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर).

वाळूच्या नदीत खांब उभारायचा तर आधी विहीर बांधतात. पोकळ बांधकाम वाळूवर रचायचं आणि आतली वाळू उपसत राहायचं. ते आपल्याच वजनानं खाली खाली बसत जातं. एवढं खोल जायचं कारण पूर. खांबाला धडकलेलं पाणी तळाशी भोवरे करतं आणि बुंध्याची वाळू खरवडून नेतं. त्यामुळे नदीत जितके खांब कमी, तितकं बरं.

शंभरीला टेकलेला हा पूल 1997 साली निवृत्त झाला. त्याची जागा घेणाऱ्या काँक्रीटच्या कमानपुलाला गाळे फक्त 28, प्रत्येकी 97.55 मीटरचे. (मधल्या काळात, 1970च्या दशकात, रेल्वे आणि रस्ता एकावर एक असलेला पोलादी पूलही झाला; तो वेगळा.)

गाळा दुप्पट कसा झाला? कमान भार पेलते, पण तिचे दोन्ही पाय बाहेर फाकू पाहतात. डोंगराला टेकलेली कमान तो रेटा कड्यावर ढकलते. नदीतल्या उंच खांबांना तो कशाला सोसवेल! म्हणून इथे रूळ जिच्यावर आहेत ती खालची पेटीसारखी तुळईच कमानीची टोकं धरून ठेवते, धनुष्याची दोरी धरते तशी. खांबावर येतं ते मुख्यतः सरळ खाली जाणारं वजन. गाडीचा भार तुळईतून उभ्या टांगण्यांवाटे कमानीत चढतो.

अडचण एकच: ही तुळई सतत ताणली जाते आणि ताण म्हटला की काँक्रीट कच्चं. त्यावर उपाय म्हणजे आतल्या पोलादी तारा आधीच जोरात ओढून बांधायच्या, की काँक्रीट कायम दाबाखाली राहतं. माझ्या मते पुलाची खरी करामत या न दिसणाऱ्या तारांत आहे. फोटो मात्र कमानींचेच निघतात.

शिवाय हे धूड हलतंही. तापमान 30 अंशांनी वाढलं, तर एवढा गाळा सुमारे 3 सेंटिमीटर लांबतो. म्हणून अशा गाळ्याचं एक टोक खांबावर सरकतं ठेवतात.