शारीरिक सक्रियता आणि कर्करोगप्रतिबंध

नियमित शारीरिक सक्रियतेमुळे काही विशिष्ट कर्करोग होण्याची जोखीम घटते, हे साथरोगशास्त्रात, म्हणजे लोकसमूहांतील रोगांच्या अभ्यासात, आता सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. ऊर्जा खर्च होईल अशी स्नायूंची कोणतीही हालचाल सक्रियतेत मोडते. व्यायाम हा तिचा केवळ आखीव भाग होय.

या विचाराचा उगम काही लेखक बेर्नार्दीनो रामाझ्झीनी या इटालियन वैद्याच्या १७०० मधील व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथापर्यंत नेतात. त्याने बैठ्या कारागिरांचे अनारोग्य नोंदविले आणि ख्रिस्ती जोगिणींमध्ये (नन) स्तनकर्करोग अधिक आढळतो असेही लिहिले; मात्र दुसऱ्या निरीक्षणाचा संबंध त्याने ब्रह्मचर्याशी जोडला होता, बैठेपणाशी नव्हे. त्यामुळे १९२० च्या दशकाच्या आरंभी अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे स्वतंत्रपणे झालेल्या मांडणीपासून या विषयाचा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. श्रमाच्या व्यवसायांतील पुरुषांमध्ये कर्करोगाने होणारे मृत्यू कमी असल्याचे या अभ्यासांत दिसले. परंतु व्यवसायाबरोबर उत्पन्न, आहार आणि व्यसनेही बदलत असल्याने त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नव्हता. १९८० नंतर बृहदांत्राच्या (मोठ्या आतड्याच्या) कर्करोगावरील अभ्यासांनी या विषयाला पुन्हा चालना दिली. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बृहदांत्र व स्तन यांच्या कर्करोगांबाबतचा पुरावा पुरेसा ठरविला.

अमेरिकेच्या शारीरिक सक्रियताविषयक सल्लागार समितीने २०१८ मध्ये मूत्राशय, स्तन, बृहदांत्र, गर्भाशयाचे अंतःस्तर, मूत्रपिंड व जठर यांचे कर्करोग आणि अन्ननलिकेचा ग्रंथिकर्करोग (ग्रंथिपेशींतून उद्भवणारा कर्करोग) अशा सात प्रकारांबाबत पुरावा सबळ मानला. जोखमीतील घट साधारण १० ते २० टक्के असून ती सापेक्ष आहे : एखाद्या गटातील १,००० पैकी ५० जणांना रोग होणार असेल, तर २० टक्के घटीने ही संख्या ४० होईल. सक्रिय व्यक्तीला कर्करोग होणारच नाही, असा त्याचा अर्थ नाही. तसेच रुग्णाच्या आळसामुळे रोग झाला, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होय. फुप्फुसाच्या कर्करोगात दिसणारी घट बरीचशी धूम्रपानाच्या फरकाने स्पष्ट होत असावी. २०१६ च्या १४ लाखांहून अधिक व्यक्तींच्या एकत्रित विश्लेषणात तर सक्रिय गटात त्वचेच्या मेलानोमाचे (रंगद्रव्य-पेशींच्या कर्करोगाचे) प्रमाण अधिक दिसले, ते बहुधा उन्हाशी अधिक संपर्क आल्यामुळे असावे.

इन्शुलिन व तत्सम वृद्धिघटक (पेशींच्या वाढीला चालना देणारे पदार्थ), रजोनिवृत्तीनंतरचे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आणि दीर्घकालीन दाह यांत होणारी घट ही संभाव्य कारणे मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र सक्रियता सुचविली.

निरोगी व्यक्तीतील जोखीम घटविणे म्हणजे प्राथमिक प्रतिबंध. लक्षणांपूर्वी रोग शोधणारी चाळणी तपासणी त्याहून वेगळी. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या संभाव्य पेशींसाठी दिली जाणारी रसायनोपचारासारखी (केमोथेरपी) चिकित्सा पूरक उपचार ठरते.

रोग झाल्यानंतरच्या व्यायामाचाही अभ्यास झाला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत (जिच्यात कोण कोणत्या गटात जाईल हे दैवयोगाने ठरते) बृहदांत्राच्या कर्करोगाचे ८८९ रुग्ण होते. शस्त्रक्रिया व पूरक रसायनोपचार झाल्यावर तीन वर्षांचा मार्गदर्शित व्यायाम मिळालेल्या गटात पाच वर्षांचे रोगमुक्त जीवितप्रमाण, म्हणजे रोगाची पुनरावृत्ती, नवा कर्करोग वा मृत्यू यांपैकी काहीही न घडलेल्यांचे प्रमाण, ८०.३ टक्के आढळले. केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटात ते ७३.९ टक्के होते. हाडांत प्रसार झालेल्या रुग्णांत अस्थिभंगाचा धोका पाहूनच व्यायाम ठरवावा लागतो. स्तनशस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी लसीकासूज (लसीका हा द्रव साचून येणारी सूज) वजन उचलण्याने वाढते, हा जुना समज मात्र २००९ च्या नियंत्रित चाचणीत टिकला नाही. देखरेखीखाली वजन हळूहळू वाढवत नेल्यास सूज बळावत नाही, असे तीत आढळले.