हुसारी कोट आणि हाताचा टाका : स्टीमपंक वेशामागचा इतिहास

स्टीमपंक म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या वाफेच्या यंत्रांवरून रचलेलं विज्ञानकथेतलं कल्पित जग. त्या जगाच्या वेशात एक कोट हमखास दिसतो. कमरेशी संपणारा, अंगाबरोबर बसणारा, उभ्या कॉलरचा, छातीवर गोफांच्या आडव्या ओळी असलेला. त्यावर पितळी गॉगल, साखळीचं घड्याळ, खांद्यावरून तिरका चामडी पट्टा. गॉगल आणि दातेरी चाकं कल्पनेतून आली असतील, पण कोट खऱ्या रणांगणावरून आला आहे. असा कोट हातानं शिवायला घेणाऱ्याला पहिली चिंता असते ती कापडाची आणि बेतण्याच्या नमुन्याची. माझं म्हणणं असं की त्याआधी या गोफाचा इतिहास समजून घ्यावा. कुठला टाका हाताचाच हवा आणि कुठे यंत्राची टीप चालून जाईल, हे त्यातूनच उलगडतं.

पंधराव्या शतकात ऑटोमन तुर्कांशी झुंजताना हंगेरीत हलक्या घोडदळाची परंपरा घडली. या स्वारांना हुसार म्हणत. जड चिलखतापेक्षा वेगावर त्यांची भिस्त. पुढे त्यांचा पोशाख ठरून गेला : आत ‘डोलमन’ नावाचा आखूड घट्ट कोट आणि वर फरचं अस्तर लावलेला ‘पेलिस’, जो पुष्कळदा बाह्या न घालता डाव्या खांद्यावर नुसता लटकवलेला असे. कोट बंद करायला दोरीचे फासे आणि बटणं असत. पूर्वेकडच्या अंगरख्यांशी या पद्धतीचं जवळचं नातं आहे. दोरी छातीच्या रुंदीभर आडवी शिवली की बटणावर येणारा ताण एका बिंदूवर न राहता सगळ्या कापडावर वाटला जातो. घोड्यावर वाकणाऱ्या, हात उगारणाऱ्या माणसाच्या घट्ट कोटाला त्याची गरज होती. नक्षी त्यावर हळूहळू चढत गेली.

हे स्वार इतके नावाजले की युरोपातल्या इतर सैन्यांनी त्यांची लढण्याची रीत उचलली आणि तिच्याबरोबर कपडेही उचलले. फ्रान्समध्ये १६९२ साली हुसारांचा रिसाला उभा राहिला, अठराव्या शतकात प्रशियानं तेच केलं. ब्रिटनमध्ये १८०६-०७च्या सुमारास हलक्या ड्रॅगूनांच्या, म्हणजे घोडेस्वार सैनिकांच्या, चार रिसाल्यांना हुसारी पोशाख मिळाला. त्यांतल्या दहाव्या रिसाल्याचे कर्नल खुद्द युवराज होते, म्हणजे पुढचे राजे चौथे जॉर्ज. गणवेशाच्या तपशिलांत त्यांना विलक्षण रस होता. ब्रिटिश अधिकारी गणवेश स्वतःच्या पैशानं शिवून घेत, त्यामुळे कलाबूत जितकी जास्त तितकी ऐपत मोठी, असं उघड समीकरण होतं. साध्या शिपायाच्या कोटावर सुती किंवा लोकरी गोफ असे, अधिकाऱ्याच्या कोटावर सोन्या-चांदीचा मुलामा दिलेल्या तारेचा. कापडाच्या रंगातही हाच भेद होता. पायदळातल्या शिपायाचा लाल कोट मंजिष्ठाच्या मुळीनं रंगवलेला, थोडा विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्याचा कोट कोचिनील किड्यापासून काढलेल्या झगझगीत शेंदरी रंगाचा. इंग्लंडमधलं स्ट्राउड खोरं या शेंदरी कापडासाठी प्रसिद्ध होतं.

रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धानं या थाटाला पहिला जबर धक्का दिला. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हाला ब्रिटिश हलक्या घोडदळानं रशियन तोफांवर जो प्रसिद्ध हल्ला चढवला, त्याचं नेतृत्व करणारे लॉर्ड कार्डिगन पूर्वी अकराव्या हुसारांचे प्रमुख होते. रिसाल्याच्या पोशाखावर पदरचा पैसा ओतण्याबद्दल ते ओळखले जात. युद्धात घट्ट, तोकड्या कपड्यांची गैरसोय उघडी पडली आणि १८५५ पासून सैन्याला मांड्यांपर्यंत येणारा ‘ट्यूनिक’ नावाचा कोट मिळाला. हुसारांचा पेलिस गेला आणि छातीवर गोफाच्या सहा ओळी उरल्या. स्टीमपंकचं कल्पित जग साधारण व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, म्हणून मला नेपोलियनच्या काळातल्या डोलमनपेक्षा हा सहा ओळींचा ट्यूनिक जास्त योग्य आधार वाटतो. नवशिक्या हाताला तो झेपतोही.

आता शिलाई यंत्राकडे वळू, कारण खरी गोष्ट इथे आहे. बार्थेलेमी थिमोनिए या फ्रेंच शिंप्यानं १८३० साली आपल्या साखळीटाक्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पॅरिसमध्ये त्याच्या सुमारे ८० यंत्रांचा कारखाना सुरू झाला, आणि तिथे शिवले जात होते फ्रेंच सैन्याचे गणवेश. १८३१च्या जानेवारीत पोटावर पाय येईल या भीतीनं शिंप्यांनी ती यंत्रं फोडली. म्हणजे यंत्राच्या टाक्याची पहिली मोठी कामगिरी लष्करी कपड्यावरच झाली आणि हाताच्या टाक्याचा पहिला उठावही तिथेच झाला. पुढे अमेरिकेत एलायस हाउ याचं शिलाई यंत्राचं पेटंट १८४६चं, आयझॅक सिंगर याचं १८५१चं. तिथल्याच व्हीलर अँड विल्सन या शिलाई यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं साधारण १८६० साली एक तुलना छापली होती. गुडघ्यापर्यंत येणारा पुरुषी फ्रॉक कोट हातानं शिवायला १६ तास ३५ मिनिटं, यंत्रावर २ तास ३८ मिनिटं. आकडे विकणाऱ्यांचे आहेत, हे लक्षात ठेवूनही फरक डोळ्यांत भरतो. तरी अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या सरकारी शस्त्रागारानं घरोघरच्या बायकांना कापलेलं कापड देऊन हजारो गणवेश हातानंच शिवून घेतले. वाफेच्या युगात हात आणि यंत्र अशी दोन्ही शिलाई शेजारी शेजारी चालत होती. म्हणून ‘अस्सल’ दिसावं या हट्टापायी अख्खा कोट हातानं शिवायची गरज नाही, असं मी ठामपणे म्हणेन. पाठीच्या आणि बाजूच्या लांब शिवणी त्या काळातही यंत्रावर जायला लागल्या होत्या.

हाताशिवाय भागत नव्हतं ते कॉलर, काजं आणि गोफ यांत. कॉलरच्या आत ताठ कॅनव्हास असे. तो कापडाला तिरप्या, बारीक टाक्यांनी जोडताना कॉलर बोटावर वळती धरायची, म्हणजे शिवून झाल्यावर ती गळ्याच्या गोलाईत आपोआप उभी राहते. इस्त्रीनं हा आकार टिकत नाही. छातीचा फुगीरपणाही असाच आतून घडवत, कॅनव्हास आणि कापसाचे थर टाचून.

गोफाचं काम तर जवळून पाहण्यासारखं आहे. बारीक नक्षीचा चपटा गोफ म्हणजे दोन दोऱ्या शेजारी ठेवून त्यांवर रेशीम किंवा जर गुंफलेली असते, त्यामुळे मधोमध एक खाच पडते. टाका त्या खाचेत जातो आणि दिसेनासा होतो. वळण आलं की आतल्या दोन दोऱ्यांपैकी वळणाच्या आतल्या बाजूची दोरी हलकेच ओढायची, गोफ स्वतःच वळतो. बाहीवरची हंगेरियन गाठ, जिच्यावरून अधिकाऱ्याचा हुद्दा ओळखत, ती याच युक्तीनं बसते. गोफाची टोकं कापडावर दुमडून ठेवायची नसतात. टोच्यानं भोक पाडून ती आत घ्यायची आणि मागून पक्की करायची. नक्षी कापडावर उतरवायला कागदावर चित्र काढून रेघेवर सुईनं भोकं पाडत आणि वरून खडूची किंवा कोळशाची पूड फिरवत. आपल्याकडचे जरदोजी, म्हणजे जरीच्या तारेचं भरतकाम करणारे, कारागीर याच पद्धतीच्या कागदाला खाका म्हणतात. दोरा मेणातून ओढून घ्यावा, नाहीतर जरीच्या काठाला घासून तो लवकर झिजतो. जुन्या गणवेशाचं लोकरी कापड विणल्यावर पाण्यात कुटून इतकं दाट केलेलं असे की त्याची कापलेली कडा उसवत नसे, पुष्कळ ठिकाणी ती दुमडलेलीही नसे. आपण आज साधं सुटिंग किंवा जाड सुती ड्रिल घेतो, तेव्हा ही सवलत मिळत नाही. प्रत्येक कड दुमडावीच लागते आणि अस्तर पूर्ण लावावं लागतं.

रंगीत गणवेश रणांगणावरून गेला तो बंदुकीमुळे. जुन्या दारूच्या धुरात आपला कोण, परका कोण हे कळायला भडक रंग लागत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आणि लांब पल्ल्याच्या रायफली आल्या, तेव्हा तोच रंग नेम धरायला सोपा झाला. खाकीची सुरुवात त्याआधीच पेशावरला झाली होती, हॅरी लम्सडेन यांनी १८४६ साली उभारलेल्या गाइड्स दलात. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर १९०२ साली ब्रिटिश सैन्यानं मायदेशातही मळखाऊ रंगाचा सेवा-गणवेश घेतला. १९१४ नंतर पूर्ण थाटाचा पोशाख प्रामुख्यानं राजरक्षकांकडे आणि वाद्यवृंदांकडे राहिला. आपल्या लग्नाच्या वरातीतले बँडवाले लाल कोट, खांद्यावरच्या झालरी आणि सोनेरी गोफ घालतात, तो याच लष्करी बँडचा वारसा आहे.

जुने गणवेश मग जुन्या बाजारात आले. १९६०च्या दशकात लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरच्या दुकानांतून तरुणांनी ते विकत घेतले. अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा गोफवाला हुसारी कोट छायाचित्रांतून जगभर पोचला आणि हुकूम पाळणाऱ्यांचा कपडा बंडखोरांच्या अंगावर आला. स्टीमपंक हे नाव त्यानंतरचं : अमेरिकन विज्ञानकथालेखक के. डब्ल्यू. जीटर यांनी १९८७ साली ‘लोकस’ या विज्ञानकथेच्या मासिकाला लिहिलेल्या पत्रात ते सुचवलं. सुरुवातीला ते फक्त कथांना लागू होतं. वस्तू आणि वेश घडवणाऱ्यांची चळवळ नंतर फोफावली. २००९ साली ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयात स्टीमपंक कलावस्तूंचं प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लिंकन शहरात वार्षिक मेळावा सुरू झाला.

मराठी माणसानं हा कोट शिवताना एक गोष्ट विसरू नये असं मला मनापासून वाटतं. हा साम्राज्याच्या फौजेचा पोशाख आहे. त्या फौजेशी १८१७ साली खडकीला पेशव्यांचं सैन्य लढलं होतं. पण याच फौजेच्या हिंदी घोडदळात वेगळा, आपल्या जवळचा नमुनाही सापडतो. स्वतःचा घोडा आणि सरंजाम घेऊन चाकरीला येणारा शिलेदार मराठी फौजेत होताच. ब्रिटिशांच्या हिंदी घोडदळानं ही पद्धत ‘सिलादार’ नावानं पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. कपड्यांची सोय रिसाल्यातच होई, म्हणून त्यांचे वेश युरोपीय छापाचे न राहता इथल्या अंगरख्यावरून घडले. अँग्लो-इंडियन सैनिक जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धात ती चाकरी सुटल्यावर त्यानं इंग्रजांसाठी जो रिसाला उभारला, त्याचे पिवळे अंगरखे प्रसिद्ध झाले. गुडघ्यापर्यंत घेर असलेला, छातीवर भरतकाम केलेला ‘अल्खलक’, कमरेला कमरबंद आणि डोक्याला साफा, असा त्या घोडदळांचा बाज. खांद्यावरून तिरका जाणारा चामडी पट्टाही हिंदुस्थानातला आहे. १८५८ साली डावा हात गमावलेल्या सॅम ब्राऊन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं तलवार एका हातानं उपसता यावी म्हणून तो वापरात आणला.

अल्खलकावर आधारलेला स्टीमपंक वेश फारसा कुणी करत नाही आणि तो व्हावा अशी माझी तीव्र इच्छा आहे. सैल कापामुळे तो आपल्या हवेत घालता येतो आणि छातीवरच्या भरतकामाला जरदोजी चपखल बसते. वाराणसीच्या लल्लापुऱ्यातले कारागीर आजही परदेशी सैन्यांचे तारेचे बिल्ले हातानं भरतात. गोफ, कलाबूत आणि अस्तराचं कापड मुंबईत भुलेश्वरला किंवा पुण्यात रविवार पेठेत मिळतं. बटणं मात्र कोरी घ्यावीत. खऱ्या रेजिमेंटचं चिन्ह, हुद्द्याची खूण किंवा कुणी कमावलेलं पदक अशा वेशावर लावू नये.