शिल्लक दिसते, पण रस्ता होत नाही

यवतमाळ-वाशीमकडच्या पारावर हे हमखास ऐकू येतं: "खात्यात पैसे पडून हायेत, पन सरपंच रस्ता नाई करत." शिल्लक खरी असेलही, पण तेवढ्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी पंचायतींना दिलेल्या अनुदानात 60 टक्के रक्कम बंधित होती. म्हणजे ती फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायची. उरलेल्या 40 टक्क्यांतून रस्ता करता येतो; पगार आणि आस्थापना खर्च मात्र नाही. शिवाय कामं झालेली पण बिलं द्यायची राहिलेली असतील, तर ती देणीही त्याच शिलकेत बसलेली असतात. रोकडवहीत फक्त आलेला-गेलेला पैसा दिसतो. थकलेली घरपट्टी पाहायला नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंदवही, काढावी लागते, आणि ती मागायची तसदी आपण सहसा घेत नाही.

"हिशोब आपल्याला दाखवत नाहीत," हेही अर्धवटच. 2020 पासून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर पंचायतीचा आराखडा आणि जमाखर्च लॉगिनशिवाय पाहता येतो. नोंदी उशिरा चढतात, ही तक्रार मात्र रास्त. तेव्हा ग्रामसभेत शिल्लक किती हे विचारू नका. त्यातली बंधित किती आणि बिलं किती थकली, ते विचारा.