शीतयुद्ध सुरू कसं झालं: पोलंडपासून बर्लिनपर्यंतची पार्श्वभूमी

२० फेब्रुवारी १९४७ ही तारीख आपल्याकडे बऱ्याच जणांना माहितीये. त्या दिवशी ॲटलींनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं की जून १९४८ पर्यंत आम्ही भारताची सत्ता सोडणार, आणि वेव्हेलच्या जागी माउंटबॅटन येणार. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, वॉशिंग्टनमधल्या ब्रिटिश वकिलातीकडून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात दोन पत्रं पोचली आणि त्यांच्याबद्दल आपण फारसं कधी वाचत नाही. ग्रीस आणि तुर्कस्तानला आम्ही जी मदत देतोय ती ३१ मार्चनंतर आम्हाला झेपणार नाही, पुढचं तुम्ही बघा, असा त्यांचा मतलब होता. दोन्ही निर्णयांच्या मागे रिकामी तिजोरी एकच. त्या वर्षीचा हिवाळा इतका वाईट होता की ब्रिटनमध्ये कोळसा कमी पडून कारखाने बंद ठेवायची वेळ आली होती.

तीन आठवड्यांत, १२ मार्चला, अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन अमेरिकन काँग्रेससमोर उभे राहिले आणि ग्रीस-तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर मागितले. बरेच जण शीतयुद्धाची सुरुवात इथून धरतात. काही जण चर्चिलच्या १९४६ च्या भाषणापासून धरतात. मला विचाराल तर दोन्ही उशिराच्या गोष्टी आहेत, भांडण त्याच्या बरंच आधी लागलं होतं आणि ते लागलं पोलंडवरून. त्यातही मला सगळ्यात जास्त टोचते ती गोष्ट म्हणजे ज्या देशांवरून हे भांडण झालं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

थोडं अजून मागे जाऊ. १९१७ ला रशियात बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांनी, सत्ता घेतली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश, फ्रेंच, जपानी, अमेरिकन अशा सगळ्यांच्या फौजा रशियात उतरल्या. अमेरिकेचे काही हजार सैनिक उत्तरेला आर्खांगेल्स्कला आणि पूर्वेला व्लादिवोस्तोकला होते. अमेरिकेत ही गोष्ट लोक विसरून गेले, मॉस्कोत ती कुणी विसरलं नाही. अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यताच मुळात १९३३ मध्ये दिली, म्हणजे क्रांतीनंतर १६ वर्षांनी. मग १९३८ ला म्युनिकमध्ये ब्रिटन-फ्रान्सने हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा तोडून दिला, त्या टेबलावर चेक लोकांनाही बसवलं नाही आणि स्टॅलिनलाही बोलावलं नाही. स्टॅलिनने त्यातून काढलेला अर्थ सरळ होता, हे लोक हिटलरला माझ्या अंगावर सोडतायत. २३ ऑगस्ट १९३९ ला त्याने स्वतःच हिटलरशी करार केला, आणि त्याला जोडून एक गुप्त कलम होतं ज्यात पोलंडची वाटणी होती. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून घुसला, १७ तारखेला रशिया पूर्वेकडून.

इथून पुढचं वाचताना त्रास होतो. १९४० च्या वसंतात कातीनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी सोव्हिएत गुप्त पोलिसांनी जवळपास २२ हजार पोलिश अधिकारी आणि सुशिक्षित लोकांना गोळ्या घातल्या, आणि लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तानला पाठवलं. जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला तेव्हा यातल्या बऱ्याच जणांची सुटका झाली, काही इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यातले साधारण ५ हजार लोक, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ पासून आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडेला छावणीत राहिले. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, महावीर उद्यानात त्याची आठवण म्हणून स्तंभ आहे. मी हे मुद्दाम सांगतोय कारण पुढे याल्टा, पॉट्सडॅम अशी नावं येतात तेव्हा ते सगळं नकाशावरच्या रेघांचं राजकारण वाटायला लागतं, पण त्या रेघेच्या पलीकडे ज्यांची घरं गेली ती माणसं वळिवडेला येऊन राहिली होती.

आता रशियाची बाजू, कारण ती नीट समजून घेतल्याशिवाय काहीच कळत नाही. महायुद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. अमेरिकेची सगळ्या आघाड्यांवर मिळून साधारण ४ लाख. एकट्या लेनिनग्राडच्या वेढ्यात याहून जास्त नागरिक उपासमारीने आणि थंडीने मेले. स्टॅलिन १९४१ पासून म्हणत होता की पश्चिमेकडून दुसरी आघाडी उघडा, जर्मनांचा भार आमच्यावरून कमी होऊ दे, आणि ती आघाडी उघडली ६ जून १९४४ ला. मधल्या जवळपास तीन वर्षांत रोज जी माणसं मरत होती त्याचा हिशोब मॉस्कोत चालू होता. हेही खरं की अमेरिकेने लेंड-लीजमधून, म्हणजे दोस्त राष्ट्रांना युद्धासाठी माल पुरवायच्या योजनेतून, रशियाला साधारण ११०० कोटी डॉलरचा माल दिला, त्यात लाखो ट्रक आणि जीप होत्या, आणि लाल सेना त्या ट्रकवर बसूनच बर्लिनपर्यंत गेली. पण रशियनांच्या मनात हिशोब असा होता की तुम्ही माल दिलात, आम्ही रक्त दिलं.

म्हणून स्टॅलिनला काय हवं होतं हे ओळखणं अवघड नाही. तीस वर्षांत दोनदा जर्मनी त्याच्या देशावर चालून आला होता, वाट पोलंडची. त्याला पोलंडमध्ये 'मित्र' सरकार हवं होतं. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि ब्रिटिश पंतप्रधान चर्चिल यांना तिथे 'स्वतंत्र' सरकार हवं होतं, कारण ब्रिटन युद्धात उतरलंच मुळी पोलंडसाठी. अडचण अशी की कातीननंतर पोलंडमध्ये खरोखर मोकळं इलेक्शन झालं असतं तर रशियाला मित्र म्हणणारं सरकार निवडून येणं शक्यच नव्हतं, आणि ती परिस्थिती स्टॅलिनने स्वतःच्या हाताने करून ठेवली होती. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सातल्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला, ६३ दिवस लढले, आणि लाल सेना नदीच्या पलीकडे होती तरी शहर वाचलं नाही. सैन्य दमलं होतं की मुद्दाम थांबलं यावर इतिहासकार अजून भांडतात, पण ब्रिटिश-अमेरिकन विमानांना मदत टाकून सोव्हिएत तळांवर उतरायला स्टॅलिनने कितीतरी आठवडे परवानगी दिली नाही, याला माझ्याकडे तरी काही बचाव नाही.

चर्चिलही धुतल्या तांदळाचे नव्हते. ऑक्टोबर १९४४ ला मॉस्कोत त्यांनी स्टॅलिनपुढे एक कागद सरकवला, त्यावर टक्के लिहिलेले, रुमानियात रशिया ९०, ग्रीसमध्ये ब्रिटन ९०, युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मे निम्मे. स्टॅलिनने निळ्या पेन्सिलने टिक केली. ही हकीकत खुद्द चर्चिलनीच नंतर लिहून ठेवलीये. आख्खे देश, त्यातली माणसं, आणि टक्केवारी.

फेब्रुवारी १९४५ मध्ये क्रिमियात याल्टाला तिघे भेटले. तेव्हा पोलंड लाल सेनेच्या ताब्यात होता, त्यामुळे चर्चेत स्टॅलिनचं पारडं आधीच जड होतं. रूझवेल्ट खूप आजारी होते आणि त्यांना जपानविरुद्ध रशियाची मदत हवी होती. ठरलं असं की पोलंडची पूर्वेकडची जमीन रशियाला जाईल, भरपाई म्हणून जर्मनीकडून पश्चिमेला जमीन मिळेल, आणि लवकर मोकळ्या निवडणुका होतील. देश उचलून पश्चिमेकडे सरकवला म्हणा ना. ल्वूव शहर गेलं, ब्रेस्लाऊ आलं, आणि त्या भागांतून लाखो पोलिश, आणि पूर्व युरोपातून सगळे मिळून जवळपास सव्वा कोटी जर्मन घरदार सोडून निघाले किंवा हाकलले गेले. फाळणी पाहिलेल्या आपल्या आधीच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

निवडणुका जानेवारी १९४७ ला झाल्या, धाकदपटशा आणि घोटाळ्यांच्या. पण अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या कितीतरी आधी, जुलै १९४५ मध्येच, युद्धात देश सोडून लंडनला आलेल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सामधल्या, रशियाच्या पाठिंब्यावरच्या सरकारला दिली होती. वळिवडेच्या छावणीतल्या लोकांसाठी याचा अर्थ काय झाला असेल बघा, बहुतेकांचं गाव आता सोव्हिएत युनियनमध्ये, आणि ज्या सरकारच्या भरवशावर इथे दिवस काढले ते सरकार जगाच्या लेखी नाहीच.

१२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. ट्रुमन उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते, अणुबॉम्बचं काम चालू आहे हेसुद्धा त्यांना नीट सांगितलेलं नव्हतं. मे महिन्यात जर्मनीने सरेंडर केल्याबरोबर अमेरिकेने रशियाला जाणारा लेंड-लीजचा माल अचानक थांबवला, समुद्रात असलेली जहाजं परत वळवली, नंतर चूक सुधारली पण मॉस्कोत जो मेसेज जायचा तो गेला. जुलैत पॉट्सडॅमला ट्रुमननी स्टॅलिनला जाता जाता सांगितलं की आमच्याकडे एक विलक्षण विध्वंसक नवं अस्त्र आहे, स्टॅलिनने शांतपणे ऐकून घेतलं. त्याला हे आधीच माहिती होतं, क्लाउस फुक्स हा शास्त्रज्ञ लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रयोगशाळेतून माहिती पुरवत होता. म्हणजे दोस्त राष्ट्र म्हणवणारे एकाच टेबलावर बसलेले आणि एक लपवतोय, दुसरा चोरतोय.

१९४६ हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण त्या वर्षी दोघांनीही समोरच्याबद्दल मत पक्कं केलं. फेब्रुवारीत मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केननने पाच हजारांवर शब्दांची तार पाठवली. सोव्हिएत राजवटीला बाहेरचा शत्रू लागतोच, तिच्याशी कायमचं जुळणार नाही, पण खंबीर राहिलं तर ती मागे हटते, असा तिचा मथितार्थ. सप्टेंबरात वॉशिंग्टनमधला सोव्हिएत राजदूत नोव्हिकोव्ह याने मॉस्कोला तसाच रिपोर्ट पाठवला, की अमेरिकेला जगावर वर्चस्व हवंय. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर अंगावर काटा येतो, एकमेकांच्या राजधानीत बसलेली दोन हुशार माणसं जवळपास एकच गोष्ट लिहितायत, फक्त नावं उलटी. मधे ५ मार्चला चर्चिलनी अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या फुल्टनला 'लोखंडी पडदा' वालं, म्हणजे युरोपचे दोन भाग पडल्याचं सांगणारं भाषण केलं. त्याच सुमाराला इराणमध्ये मुदत संपून गेली तरी सोव्हिएत सैन्य हललं नव्हतं, ते मे महिन्यात गेलं, आणि अमेरिकेने त्यातून केननचं म्हणणं बरोबर असल्याचा धडा घेतला.

मग ती फेब्रुवारी १९४७ ची दोन पत्रं. ग्रीसमध्ये कम्युनिस्ट आणि सरकार यांच्यात यादवी चालू होती. वॉशिंग्टनला त्यात स्टॅलिनचा हात दिसला. प्रत्यक्षात ग्रीक कम्युनिस्टांना मुख्य मदत होती युगोस्लाव्हियाच्या टिटोची. स्टॅलिन त्या टक्केवारीच्या कागदाला बऱ्यापैकी धरून होता आणि टिटोच्या उद्योगांवर वैतागलेला होता, १९४८ ला त्यांचं उघड फाटलंच. पण ट्रुमननी भाषणात जगाचे दोन भाग पाडले, एक स्वातंत्र्याचा आणि एक जुलमाचा, आणि पुढची चाळीस वर्षं अमेरिकेला त्या चष्म्यातून बाहेर येणं जड गेलं.

५ जूनला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्शल यांनी युरोपला मदतीची योजना सांगितली, पुढे १९५२ पर्यंत १३०० कोटी डॉलर गेले. आमंत्रण रशियालाही होतं. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह मोठं शिष्टमंडळ घेऊन पॅरिसला आला आणि काही दिवसांत उठून गेला, कारण पैसे घ्यायचे तर हिशोब उघडे करावे लागणार होते. चेकोस्लोव्हाकियाने आमंत्रण स्वीकारलं होतं, त्यांना मॉस्कोला बोलावून नकार द्यायला लावलं. फेब्रुवारी १९४८ ला प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सगळी सत्ता घेतली आणि १० मार्चला परराष्ट्रमंत्री यान मासारिक आपल्याच खात्याच्या इमारतीच्या खिडकीखाली मेलेले सापडले.

सप्टेंबर १९४७ ला रशियाने युरोपातल्या कम्युनिस्ट पक्षांना एकत्र बांधून कॉमिनफॉर्म काढली, तिथे स्टॅलिनचा सहकारी झ्दानोव्ह याने जग दोन छावण्यांत वाटलं गेल्याचं सांगितलं. याचा धक्का आपल्याकडेही बसला. १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात कम्युनिस्ट पक्षाने पी. सी. जोशींना बाजूला करून बी. टी. रणदिव्यांना सरचिटणीस केलं आणि 'ये आझादी झूठी है' ची लाईन घेतली, तिच्यापायी पक्षाची बरीच वर्षं वाया गेली असं मला वाटतं.

राहिला जर्मनी. युद्धानंतर तो अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी चार भागांत वाटून घेतला होता, बर्लिनही तसंच वाटलेलं, आणि ते शहर रशियाच्या भागाच्या आत होतं. पश्चिमेच्या तिघांना जर्मनी परत उभा करायचा होता, रशियाला त्याच्याकडून भरपाई हवी होती आणि तो पुन्हा उभा राहायची भीती होती. जून १९४८ मध्ये पश्चिम भागात नवीन मार्क चलनात आला, आणि २४ तारखेला स्टॅलिनने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद केले. वीस लाखांवर माणसं अडकली. मग जवळपास ११ महिने विमानांनी शहर जगवलं, पावणेतीन लाखांवर फेऱ्या, २३ लाख टन माल, त्यात अर्ध्याहून जास्त कोळसा. तीन वर्षांपूर्वी ज्या शहरावर बॉम्ब टाकले त्याच शहरात कोळशाची पोती घेऊन उतरणारे वैमानिक, यात काही जणांनी दोन्ही कामं केलेली. १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली. तोवर एप्रिलमध्ये नाटो झालं होतं, वर्ष संपायच्या आत दोन जर्मनी झाले, आणि २९ ऑगस्टला सोव्हिएत अणुबॉम्बची चाचणी झाली.

अशीच एक रेघ आशियातही पडली होती. जपानने हार मानायच्या सुमाराला, ऑगस्ट १९४५ मध्ये एका रात्री, वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांनी अर्ध्या तासात नकाशावर ३८ व्या अक्षांशाची रेघ धरून कोरियाची वाटणी सुचवली होती, रशियाने ती लगेच मान्य केली. २५ जून १९५० ला पहाटे उत्तर कोरियाचे रणगाडे ती रेघ ओलांडून खाली आले.