कीर्द बुडू नये म्हणून

ऑगस्ट 2019. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती आणि कोल्हापुरात शाहूपुरीत पाणी चढत होतं. मी ज्या पतसंस्थेचे संगणक सांभाळतो, तिचा सर्व्हर, म्हणजे सगळी खाती ज्यावर असतात तो संगणक, तळमजल्यावर. दोघांनी तो उचलला आणि लोंबकळणाऱ्या वायरींसकट जिन्यानं वर नेला. वर पोचल्यावर मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "अहो, बॅकअपची डिस्क कुठाय?" ती त्याच खोलीतल्या कपाटात, अगदी तळच्या खणात होती. खाली गेलो तोवर खणात पाणी शिरलं होतं. सर्व्हर वाचला, पण वीज नव्हती. गडहिंग्लजची शाखा कोरडी होती, तरी तिथल्या सभासदांना कित्येक दिवस स्वतःचेच पैसे काढता आले नाहीत. ते मला अजून टोचतं.

हे टाळायचं तर डेटाबेस, म्हणजे सर्व्हरवर खात्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम, आत काय करतो ते आधी पाहायला हवं. पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत चढतो, मग खातेवार खतावणीत. डेटाबेसचीही रीत तीच. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये क्रमानं, डिस्कवर पक्का लिहिला जातो. खात्याचं पान सावकाश बदललं तरी चालतं. मध्येच वीज गेली तर कीर्द वाचून खतावणी पुन्हा उभी करता येते. दुसरा सर्व्हर उभा राहतो तो याच सोयीवर. मुख्य सर्व्हर कीर्दीची ओळ न ओळ दुसऱ्या गावी पाठवत राहतो आणि तिथला सर्व्हर त्यावरून आपली खतावणी लिहीत राहतो.

काउंटरवर पावती कधी द्यायची, हा यातला पहिला पेच. दुसरीकडून 'नोंद पोचली' असा निरोप आल्यावरच दिली, तर दिलेल्या पावतीची नोंद मुख्य सर्व्हर बुडाला तरी हरवत नाही. पण वाट पाहावी लागते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला जाऊन यायला साधारण 4 मिलिसेकंद लागणारच. आणि लाइन तुटली की काउंटरही अडतो. वाट न पाहता पावती दिली, तर मुख्य सर्व्हर बुडताना शेवटच्या काही ओळी सोबत घेऊन जातो. पैशाच्या व्यवहारात मी पहिलीच रीत पसंत करतो.

खरी अवघड गोष्ट पुढे आहे. दुसरा सर्व्हर आपोआप मुख्य व्हावा, याला फेलओव्हर म्हणतात. गडहिंग्लजचं मशीन, म्हणजे आमचा दुसरा सर्व्हर, दर सेकंदाला कोल्हापूरला हाक मारतं. चार-पाच हाकांना ओ आली नाही, तर काय समजायचं? कोल्हापूर बुडालं, की नदीकाठी कुठंतरी नुसती केबल तुटली? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरल्या पातळीला आलं की उघडतात, कारण पाणी थेट दरवाजालाच भिडलेलं असतं. गडहिंग्लजच्या मशिनला फक्त शांतता ऐकू येते, आणि दोन्ही प्रसंगांतली शांतता सारखीच असते.

घाईनं स्वतःला मुख्य ठरवलं आणि कोल्हापूरही चालूच असलं, तर दोन कीर्दी सुरू होतात. खात्यात 10,000 रुपये असलेल्या सभासदाचे तेवढेच पैसे दोन्ही शाखांतून निघू शकतात, आणि दोन्हीकडची सही खरी! याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. 21 ऑक्टोबर 2018 रोजी, प्रोग्रॅमर आपला कोड जिथं ठेवतात त्या गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क फक्त 43 सेकंद तुटला. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेनं पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य नेमले. पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचलेल्या नव्हत्या आणि पश्चिमेला नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. हा गुंता सोडवून सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

यावर उपाय म्हणजे तिसरा साक्षीदार. पुण्यात एक लहानसं मशीन ठेवायचं. त्यात खाती नाहीत, फक्त मत आहे. तिघांपैकी दोघांचं एकमत झालं तरच कुणी मुख्य होणार. उरलेल्या दोघांशी संपर्क तुटलेल्या कोल्हापूरनं, स्वतः ठणठणीत असलं तरी, नोंदी घेणं थांबवायचं. मला या नियमात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, की एकटं पडलेल्यानं स्वतःहून थांबायचं. काही ठिकाणी तर नवा मुख्य सर्व्हर नेमण्याआधी जुन्याची वीजच तोडतात.

एवढं करूनही बॅकअप वेगळा लागतोच, कारण चुकून पुसलेलं खातं दुसरीकडेही तितक्याच इमानेइतबारे पुसलं जातं. गिटहबसारख्याच गिटलॅब या सेवेत 31 जानेवारी 2017 रोजी एका इंजिनिअरनं दुय्यम समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. रोजचा बॅकअप काढायला गेले, तर तो बरेच दिवस निघतच नव्हता. योगायोगानं सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. मधल्या नोंदी गेल्या.

म्हणून आम्ही सराव करतो. पहिल्या सरावात गडहिंग्लजचा सर्व्हर मिनिटाच्या आत मुख्य झाला, शिल्लक पैशापर्यंत जुळली, पण पासबुक छापेना. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कोल्हापूरच्या मशिनचा पत्ता हातानं लिहिलेला होता आणि तो सापडायला पाऊण तास गेला. आता असे सगळे पत्ते एका कागदावर उतरवून दोन्ही शाखांत भिंतीला लावले आहेत, आणि दर मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पाऊस यायच्या आत, कोल्हापूरचा सर्व्हर मी स्वतःच्या हातानं बंद करतो.