ई. कोलाय म्हणजे विषारी जंतू? कोणता ई. कोलाय, ते आधी विचारा

‘पाण्यात ई. कोलाय सापडला’ अशी बातमी आली की हा जिवाणू मुळातच घातक, असा समज पुन्हा पसरतो. वास्तविक त्याचे बहुतेक वाण आपल्या आतड्यात निमूटपणे राहतात. १९२२ मध्ये एका रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केलेला के-१२ हा वाण तर प्रयोगशाळांचा जुना नोकरच. १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले मानवी इन्सुलिन ई. कोलायमध्येच तयार केलेले होते.

मग रक्ती जुलाब घडवणारा ओ१५७:एच७ हा वाण कोण? प्रजाती तीच, पण २००१ मध्ये दोघांच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा त्याच्यात के-१२ मध्ये नसलेली सुमारे १,३८७ जनुके आढळली. विषाची जनुके तर त्याला जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूकडून मिळालेली. पुढच्या वर्षी मूत्रमार्गाला संसर्ग करणारा तिसरा वाण तुलनेत घेतला, तेव्हा तिघांच्या मिळून एकूण प्रथिनांपैकी तिघांतही समान निघाली जेमतेम ३९ टक्के! एका प्रजातीत इतकी तफावत प्राण्यांत कल्पनेबाहेरची.

पाण्याच्या अहवालातला ई. कोलाय मात्र हलक्यात घेऊ नका. तो तिथे मैलापाणी मिसळल्याची खूण असतो, आणि मैल्याबरोबर टायफॉइड, कावीळही येऊ शकते. पाणी उकळायचे ते त्यासाठी.