बंजारा आणि वंजारी : मराठवाड्यातल्या दोन समाजांची सामाजिक-आर्थिक तुलना

बंजारा (लमाण, लंबाडा, स्वतःच्या बोलीत गोर) आणि वंजारी हे मराठवाड्यातले दोन मोठे समाज आहेत. नावं जवळजवळची असल्यामुळं पुण्या-मुंबईकडचा माणूस दोघांना सर्रास एकच समजतो, पण बीड, परभणी, नांदेडकडं कुणालाही विचारा, दोघं वेगळे आहेत असंच सांगतील. बंजाऱ्यांची स्वतःची गोरबोली आहे, ती राजस्थानीच्या जवळची, वस्ती तांड्यात म्हणजे गावाबाहेरच्या स्वतंत्र वस्तीत, आडनावं राठोड, पवार, चव्हाण, जाधव, आडे. वंजारी मराठीच बोलतात, गावात किंवा वाडीत राहतात, आडनावं मुंडे, केंद्रे, सानप, नागरगोजे, फड, गर्जे, आंधळे, घुगे अशी. सरकारी कागदावर बंजारा विमुक्त जाती (अ) मध्ये, तिथं ३ टक्के आरक्षण आणि चौदा जाती, वंजारी भटक्या जमाती (ड) मध्ये, तिथं २ टक्के. केंद्रात मात्र दोघंही ओबीसीच.

तुलना करायची ती यासाठी की दोघांच्या जुन्या इतिहासात बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य वाहून नेण्याचा धंदा सांगितला जातो आणि आज दोघंही उसाच्या फडात शेजारी शेजारी कोपी (तात्पुरती झोपडी) टाकून राहतात, तरी मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोघांच्या वाटा फार वेगळ्या झाल्या.

धंदा गेल्यानंतर

लमाणांचे तांडे हजार-हजार बैल घेऊन फिरायचे, फौजांना रसद पुरवायचे. रेल्वे आली आणि हे सगळं बसलं. मराठवाड्यात मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी-नांदेड-हैदराबाद ही लाईन १९०० च्या सुमारास झाली, त्याच्याआधीच इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं फिरत्या जमातींवर शिक्का मारायला सुरुवात केलेली होती. धंदा पण गेला आणि वर चोर म्हणून पोलिसांकडं हजेरी, असं ज्यांच्या वाट्याला आलं त्या सगळ्यांना हा कायदा रद्द होईपर्यंत म्हणजे १९५२ पर्यंत थांबावं लागलं, ‘विमुक्त’ हे नाव त्यातूनच आलं. तो शिक्का कायद्यातून गेला पण मनातून जायला अजून वेळ लागतोय, आजही एखाद्या गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी तांड्यावर येते असं तांड्यातली माणसं सांगतात.

वंजारी समाज याच्या बराच आधी शेतीला लागलेला होता. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी, परळी, तिकडं अहमदपूर, कंधार, गंगाखेड, जिंतूरपर्यंत त्यांची गावं आहेत आणि नगरकडचं पाथर्डीही याच पट्ट्यातलं. जमीन बहुतेक मुरमाड, उताराची, बाजरी-ज्वारी-कापसाची, पाऊस नाही झाला की हातात काहीच नाही. पण जमीन होती, सातबाऱ्यावर नाव होतं, गाव महसुली होतं म्हणजे सरकारी दप्तरात स्वतंत्र गाव म्हणून नोंदलेलं होतं, पोलीस पाटील आणि सरपंच आपला होता. माझ्या मते या दोन समाजांतल्या फरकाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, बाकीची कारणं याच्यातूनच निघतात.

तांड्याचं तसं नव्हतं. तांडा गावापासून दूर, माळावर, गायरानात किंवा फॉरेस्टच्या कडेला बसला, कारण तिथंच कुणी बसू दिलं. आतला कारभार नायक, कारभारी बघायचे, भांडणं तांड्यातच मिटायची, त्यामुळं आत एकी खूप होती पण बाहेर तांड्याला कागदावर अस्तित्वच नव्हतं. ग्रुप ग्रामपंचायतीत तांडा शेवटी यायचा आणि रस्ता, नळ, विजेची डीपी सगळं आधी मूळ गावाला. वसंतराव नाईक तांडा वस्ती सुधार योजनेतून पुढं सिमेंट रस्ते, सभामंडप वगैरे झाले ही चांगली गोष्ट आहे, पण सभामंडपानं पोट भरत नाही, जमिनीचा प्रश्न तसाच राहिला.

राज्याची हद्द

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात, बिदर-गुलबर्गा म्हैसूरमध्ये, तेलंगण आंध्रात, आणि सगळ्यात मोठा फटका लंबाडा समाजाला बसला कारण तो तिन्हीकडं होता. आज उदगीर-देगलूरकडून बिदरला गेलं की तोच माणूस अनुसूचित जाती, किनवट ओलांडून आदिलाबादला गेलं की अनुसूचित जमाती (१९७६ च्या दुरुस्तीनंतर) आणि मराठवाड्यात थांबला तर विमुक्त जाती. सोयरीक अलीकडं-पलीकडं होते, बोली एक, देव एक, तरी पलीकडच्या मामाच्या पोराला एक सवलत आणि अलीकडच्या भाच्याला दुसरी.

याचा परिणाम नुसता नोकरीत नाही. लोकसभा-विधानसभेत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत, भटक्या-विमुक्तांना नाहीत, ग्रामपंचायत-झेडपीत त्यांना ओबीसींच्या प्रवर्गातच लढावं लागतं. विमुक्तांना क्रिमी लेयर म्हणजे उत्पन्नाची मर्यादा लागू आहे, आदिवासींना नाही. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, आता ज्याचा आजोबा तेव्हा शाळेतच गेला नाही आणि ज्याच्या नावावर जमीनही नाही त्यानं हा कागद कुठून आणायचा. आणि वनहक्क कायदा २००६ बघा, आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवला की पुरतं, पण बंजारा कुटुंब आदिवासी यादीत नसल्यामुळं त्याला तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात एकाच टेकडीवर दोन शेजारी वहिती करतात, एकाला पट्टा मिळतो आणि दुसरा अतिक्रमणवाला ठरतो.

वंजारी समाजाला हा सीमेचा प्रश्न एवढा आला नाही, त्यांची वस्ती मराठवाडा, नगर, नाशिक, बुलढाणा अशी महाराष्ट्रातच सलग आहे, त्यामुळं सगळ्या समाजाची एकच मागणी, एकच प्रवर्ग, एकच राजकारण होऊ शकलं.

नेते, गड आणि शिक्षण

बंजारा समाजानं महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले, वसंतराव नाईक (१९६३ ते १९७५) आणि सुधाकरराव नाईक (१९९१ ते १९९३). वसंतरावांच्या काळात रोजगार हमी आली, हायब्रीड बियाणं आलं, १९७२ चा दुष्काळ त्यांनीच हाताळला. पण हे घराणं यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचं, समाजाचं मोठं तीर्थ पोहरादेवी वाशिम जिल्ह्यात, म्हणजे सत्तेचं आणि श्रद्धेचं दोन्ही केंद्र विदर्भात, मराठवाड्यातल्या तांड्यांना त्याचा अभिमान खूप पण रोजच्या कामाला धावून येईल अशी मोठी ताकद इकडं तेवढी उभी राहिली नाही.

वंजाऱ्यांचं उलटं झालं. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे संत भगवानबाबा (१८९६-१९६५) यांनी कीर्तनातून शिका, व्यसन सोडा हे गावोगाव सांगितलं, भगवानगड उभा राहिला आणि वारकरी संप्रदायामुळं समाज मराठी मुलखाच्या मुख्य धारेत आधीच मिसळलेला होता. मग परळी तालुक्यातल्या नाथ्राचे गोपीनाथ मुंडे १९८० मध्ये रेणापूरमधून आमदार झाले, १९९५ ला उपमुख्यमंत्री, ऊसतोड मजुरांच्या संपांचं नेतृत्व त्यांच्याकडं होतं, दसऱ्याच्या मेळाव्याला भगवानगडावर मोठा जमाव यायचा. ३ जून २०१४ ला ते गेले तेव्हा परळीला अंत्यविधीच्या वेळी जे घडलं ते बघितलेल्यांना कळेल की या समाजासाठी हा माणूस काय होता.

याच काळात नव्वदच्या दशकात एनटी-डी म्हणजे भटक्या जमाती (ड) हा स्वतंत्र २ टक्क्यांचा खाना मिळाला आणि पोरांनी तो वाया घालवला नाही. बीड, अंबाजोगाई, लातूर, पुण्यात खोल्या करून पोलीस भरती, शिक्षक भरती, एमपीएससी, मेडिकल, आई-बाप फडात आणि पोरगा अभ्यासिकेत हे चित्र घराघरात आहे. आता एनटी-डीचा कटऑफ बऱ्याच परीक्षांत ओपनच्या जवळ जातो. याचा अर्थ सगळे श्रीमंत झाले असा कुणी घेऊ नये, याचा अर्थ एका जागेसाठी फार पोरं जीव तोडून अभ्यास करतायत एवढाच आहे.

तांड्यातल्या लेकराचं पहिलं अडतं ते पहिलीतच. घरात आईला याडी म्हणणारं, भाकरीला बाटी म्हणणारं पोरगं शाळेत येतं, बाईंना गोरबोली येत नाही, त्याला मराठी येत नाही, दोन-तीन वर्षं नुसती समजून घेण्यात जातात आणि मास्तर त्याला मठ्ठ ठरवून मोकळे. आश्रमशाळांनी यातून बरीच पोरं वर काढली, आज बंजारा डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, पोलीस अधिकारी कमी नाहीत, पण तांड्यातून निघालेला माणूस बहुतेक वेळा एकटाच निघालेला असतो, मागच्या पोरांना फॉर्म कुठला भरायचा हे सांगायला गावात कुणी नसतं.

ऊसतोड

इथं मात्र दोन्ही समाज एका पातळीवर येतात. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कारखान्याला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. दसरा-दिवाळी झाली की गाड्या निघतात पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलला परत. वंजारी, बंजारा, दलित, मराठा, धनगर सगळेच जातात पण तांडे आणि बालाघाटातल्या वाड्या तर अर्ध्या-अर्ध्या रिकाम्या होतात, मागं राहतात म्हातारी आणि कुलपं. मुकादम म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, तो उन्हाळ्यात-पावसाळ्यात उचल (आगाऊ पैसे) देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, खाडा म्हणजे कामावर गैरहजेरी झाली की दंड, हंगामात उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच मुकादमाकडं. पहाटे तीन-चारला फडात, मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत दिवस-रात्र कळत नाही, वरून वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून जे चार पैसे येतात त्याच्यावर रोजचा बाजार.

फरक आहे तो कोयत्याच्या मागं काय आहे यात. वंजारी कुटुंबाची गावाकडं दोन-चार एकर कोरडवाहू का होईना शेती असते आणि बऱ्याच ठिकाणी मुकादम, गाडीमालक, ट्रॅक्टरमालक त्याच समाजातून तयार झाले, म्हणजे या धंद्यात वर चढायची एक शिडी होती. तांड्यातही मुकादम आहेत, पण भूमिहीन आणि नुसता कोयता असलेली घरं तिथं जास्त दिसतात.

बाईच्या बाबतीत जात बघून फारसा फरक करता येत नाही. बीडमध्ये गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ ला वर आला, सरकारनं समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली त्यात १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडावर संडास नाही, पाणी नाही, दुखणं अंगावर काढायचं आणि शेवटी डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. बालविवाहही याच्यातूनच येतो, वयात आलेली पोरगी कोपीत ठेवायची भीती, गावाकडं कुणाकडं सोडायची भीती, आणि लग्न झालं की एक नवा कोयता तयार होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये जवळपास ४४ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, राज्याची सरासरी २२ च्या आसपास असताना. बंजाऱ्यांत पूर्वी नवऱ्यामुलाकडून मुलीच्या बापाला पैसे द्यायची रीत होती, ती मोडून आता तिथंही हुंडा आला, आणि ही एक गोष्ट गावाकडून तांड्यानं घ्यायलाच नको होती.

मजुरीसाठी संप होत राहतात, जानेवारी २०२४ ला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. या दोन्ही गोष्टी दोन्ही समाजांच्या आहेत आणि वसतिगृहं जेवढी वाढतील तेवढी पोरं फडातून बाहेर निघतील, यापेक्षा तातडीचं काम मराठवाड्यात दुसरं कुठलं असेल असं वाटत नाही.

आत्ताची मागणी

२ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं मराठा समाजाला कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटिअर (निजामाच्या काळातल्या सरकारी नोंदी) मान्य केलं आणि बंजारा समाजानं लगेच विचारलं की त्याच गॅझेटिअरात लंबाडा जमात म्हणून नोंद आहे तर मग आम्हाला एसटीचा म्हणजे अनुसूचित जमातीचा दाखला का नाही. जालना, बीडसह ठिकठिकाणी मोठे मोर्चे निघाले, बायका फेटिया-कांचळी (पारंपरिक घागरा-चोळी) घालून आल्या. आदिवासी संघटनांनी कडाडून विरोध केला, त्यांचं म्हणणं आदिवासींच्या ७ टक्के आरक्षणात आणखी वाटेकरी नको, आणि आदिलाबादला गोंड आणि लंबाडा यांच्यात २०१७ ला झालेला संघर्ष बघता त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. यात वंजारी-बंजारा एकच असं कुणी बोललं की तांड्याकडून लगेच हरकत येते, कारण त्यांना वाटतं इथंही आपल्या वाट्यात दुसरा शिरेल. दोन समाजांत वैर नाही, फडात एकमेकांच्या कोपीतलं पीठ-मीठ चालतं, पण जागा मोजक्या असल्या की शेजारीच पहिला प्रतिस्पर्धी होतो.

एसटी यादीत घालायचं का हे शेवटी संसदेच्या हातात आहे आणि त्याला वर्षं लागतील. तोवर तांड्याला महसुली गावाचा दर्जा, गायरानावरच्या जुन्या वहितीचा निकाल, १९६१ च्या पुराव्याची अट सैल करणं आणि पहिली-दुसरीला गोरबोली येणारा शिक्षक, ही चार कामं राज्य सरकार स्वतःच्या सहीनं सुरू करू शकतं, त्यासाठी कुठल्याच गॅझेटिअरची गरज नाही.